शामोनी खोऱ्यात पाच दिवस: रोपवेने गेलेलं शिखर 'धरायचं' का?

कर्दळ (४ मे, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

जूनच्या शेवटी आम्ही दिराकडे जिनिव्हाला जातोय. तिथून फ्रान्समधल्या शामोनीला, म्हणजे मों ब्लांच्या पायथ्याच्या खोऱ्यात, पाच दिवस मुक्काम. माणसं चार: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासरे. खरा प्रश्न सासऱ्यांचाच आहे. वय ६८. चाळीस वर्षं सह्याद्री तुडवलाय, अलंग-मदन-कुलंग दोनदा. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला. आता सिंहगड पायथ्यापासून चढतात, पण उतरताना वडाप.

त्यांची एक वही आहे. प्रत्येक माथ्याला क्रमांक, तारीख, सोबत कोण, पाणी कुठे. वहीचा नियम एकच: पायी गेलो तरच नोंद. सासूबाईंना घेऊन एकदा रायगडावर रोपवेने गेले होते, तो रायगड वहीत नाही. त्यामुळे मी ३८४२ मीटरवर नेणाऱ्या रोपवेचं नाव काढलं की म्हणतात, "तुम्ही जा, मी खाली पेपर वाचतो." फ्रेंच पेपर!

तर विचारायचं असं:
चढ चालेल पण मोठा उतार नको, अशा माणसाला तिथे काय काय जमेल?
तो महागडा रोपवे खरंच करावा का?
आणि तिसरं म्हणजे, सासऱ्यांनी स्वतःहून एकच मागणी केलीय. चिठ्ठीवर 'बोसों हिमनदी' एवढं लिहून दिलंय. का ते सांगत नाहीत. कुणाला काही कल्पना?

चकलीबहाद्दर

सासऱ्यांना आयडी काढून द्या. बाकी धागा आपोआप चालेल.

बाझलकर

बाझलला राहतो, शामोनी चार वेळा झालंय, दोनदा आईबाबांना घेऊन.

आधी खोऱ्याचा नकाशा डोक्यात बसवा. खोरं अरुंद आणि लांब, मधून आर्व्ह नदी. गाव साधारण १०३५ मीटरवर. नदीच्या एका अंगाला मों ब्लांची रांग, बर्फ, हिमनद्या, सुळके. समोरच्या अंगाला एग्वी रूज, म्हणजे तांबडे सुळके. तिकडे मोठ्या हिमनद्या नाहीत, पण मों ब्लां बघायचा तर तिथूनच. डोंगरावर उभं राहिलं की तोच डोंगर दिसत नाही, हे ट्रेकरांना सांगायला नको.

गुडघ्याचा हिशोब सोपा आहे. रोपवेने वर जायचं, वरच्या वर आडवं चालायचं आणि दुसऱ्या रोपवेने उतरायचं. ला फ्लेजेर (१८७७ मी.) ते प्लांप्रा (२००० मी.) ही वाट तर यासाठीच केल्यासारखी आहे. दोन-अडीच तास, बराचसा ट्रॅव्हर्स, आणि समोर अख्खी रांग सोबत चालते. दुसऱ्या अंगाला प्लां द लेग्वी (सुमारे २३१० मी.) ते मोंतांव्हेर (१९१३ मी.) अशीच आडवी वाट आहे, पण तिच्यात उतार जास्त आणि दगडधोंडे बरेच.

मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड देतात, ते मागून घ्या. आम्ही गेलो तेव्हा त्यावर खोऱ्यातली बस आणि छोटी रेल्वे फुकट होती. सगळे रोपवे करणार असाल तर तीन-चार दिवसांचा मल्टिपास सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतो.

घाटमाथा

एवढे युरो घालवून रोपवेत बसायचं, तर लोणावळ्याला काय वाईट? असो. आपल्याकडे साडेतीनशे किल्ले पडलेत, त्यातले निम्मे इथल्या कुणी पाहिले नसतील. पण धागे निघतात आल्प्सचे.

तिखटजाळ

@घाटमाथा, आला का हा प्रतिसाद! मी वाटच बघत होते. काका चाळीस वर्षं सह्याद्रीच हिंडलेत हो, धागा तरी नीट वाचा.

घाटमाथा

वाचला. काकांना दंडवत. त्यांच्या वहीचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे. रोपवेने गेलेलं शिखर धरायचं नाही. इतकंच म्हणणं आहे.

शुद्धलेखन_कट्टा

उच्चारावरून पुढे मारामारी होणारच आहे, म्हणून आधीच: शामोनी. 'चामोनिक्स' म्हणाल तर तिकीट खिडकीवरची बाई हसणार नाही, पण मनात नोंद करेल. तो ३८४२ वाला म्हणजे 'एग्वी द्यु मिदी'. एग्वी म्हणजे सुई, मिदी म्हणजे दुपार. गावातून बघितलं की ऐन दुपारी सूर्य त्या सुळक्याच्या डोक्यावर येतो, म्हणून दुपारची सुई.

चकलीबहाद्दर

आमच्याकडे दुपारची सुई म्हणजे आजी गोधडी शिवायला घेते ती.

गवतीचहा

डॉक्टर आहे, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. हा रोपवे वीसेक मिनिटांत १०३५ वरून ३८०० च्या आसपास नेऊन सोडतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तरुण पोरंसुद्धा जिन्यात धावतात आणि मग डोकं धरून बसतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वर गेल्यावर सावकाश चाला, पाणी प्या, गरगरायला लागलं तर पुढच्या डब्याने खाली. मधल्या टप्प्यावर, प्लां द लेग्वीला, अर्धा तास थांबून चहा घेतला तर बरं.

उतार नको हे काकांचं बरोबर आहे. पण काठ्या दोन घ्या. एक काठी मिरवायला असते.

कर्दळ

बाझलकर, गवतीचहा, खूप आभार. गोळी चालू आहे, विचारून घेते. 'एक काठी मिरवायला' मोठ्याने वाचून दाखवलं. "हं" म्हणाले. म्हणजे पटलं.

पायपीट

ग्रेनोबलला सहा वर्षं होतो, शनिवार-रविवार हाच उद्योग. बाझलकरांशी सहमत, फक्त तारखेबद्दल एक सावधगिरी. जूनअखेर म्हणजे वर बर्फ असू शकतं. सगळे फोटो बघून लोक लाक ब्लांला (२३५२ मी.) पळतात. तळं, त्यात उलटा मों ब्लां वगैरे. आम्ही एकदा २० जूनला गेलो तर तळं नावाप्रमाणे खरंच पांढरं, सगळं गोठलेलं. शेवटच्या टप्प्यावर बर्फ तिरकं पसरलेलं, साध्या बुटांतले लोक बसून घसरत होते, हसत होते, आणि खाली दगड होते. तिथे हसू येत नाही. नव्या गुडघ्याने तर नकोच. गावात पर्वतीय माहिती केंद्र आहे, तिथे वाटांची त्या दिवशीची स्थिती सांगतात. तिथे विचारल्याशिवाय निघू नका.

दुसरं म्हणजे दुपारची वादळं. उन्हाळ्यात सकाळी निळंशार आकाश असतं आणि तीनला गडगडाट. धारेवर असाल तर एकपर्यंत आटोपा.

तिसरं, पाट्या. तिकडच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, ठिकाणाची उंची आणि तास-मिनिटं असतात.

तिखटजाळ

आपल्याकडेही वेळच सांगतात की. "मामा, गड किती लांब?" "हे काय, पाच मिन्टं."

चकलीबहाद्दर

त्या पाच मिनिटांत माझं लग्न ठरून मोडलं होतं. (खरी गोष्ट. तोरण्याची वाट. मुलगी पुढे गेली ती गेलीच.)

मोरावळा

खाण्याचं कुणीच बोलत नाही! शाकाहारी असाल तर ऐका. तार्तिफ्लेत नावाचा बटाटा आणि रब्लोशों चीजचा भाजलेला प्रकार सगळीकडे मिळतो. दिसायला निष्पाप, आत डुकराच्या मांसाचे तुकडे. 'सां लार्दों' म्हणायला शिका, म्हणजे तुकड्यांविना. काही ठिकाणी करून देतात, काही ठिकाणी आधीच करून ठेवलेलं असतं. फोंद्यू चालेल, पण त्यात वाईन असते. ब्लूबेरीचा टार्ट मात्र सोडू नका, जीभ जांभळी होते, पोरगं खूश.

डोंगरावर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. २००० मीटरवर बाकावर बसून खाताना शेजारच्या फ्रेंच आजोबांनी हुंगून विचारलं. दिली. ते रडले. नंतर त्यांनी आम्हाला चीज दिलं, मग आम्ही रडलो.

नभांगण

अकरा वर्षांच्या मुलासाठी: प्लांप्राहून पॅराग्लायडिंग, पायलटबरोबर जोडीने. मी कामशेतला शिकलोय, तरी तिथे प्रवासी म्हणूनच बसलो, कारण खोऱ्यातला वारा आपल्या ओळखीचा नाही. हजारेक मीटर खाली गावाजवळच्या मोकळ्या कुरणात उतरवतात. पायलट एकच सांगतो: पळत राहा, बसू नका. माणूस नेमका बसतो. मीही बसलो. फरफटत दहा पावलं.

मुलाला ते नको असेल तर गावाच्या कडेला रुळांवरून सुटणारी घसरगाडी आहे. ब्रेक आपल्या हातात. तीन फेऱ्यांचं तिकीट काढा, एका फेरीने भागत नाही.

जुनी_पेटी

कर्दळताई, बोसोंचा प्रश्न सगळ्यांनी सोडूनच दिला. मला वाटतं मला माहीत आहे. सासरे ट्रॉम्बेला होते का?

कर्दळ

हो!! तुम्हाला कसं कळलं? ते तिथूनच निवृत्त झाले. त्यांचे वडीलही तिथेच फिटर होते.

जुनी_पेटी

मग तेच.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरणार होतं. मों ब्लांच्या माथ्याजवळ आदळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा. ते व्हिएन्नाला बैठकीला निघाले होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभांचं नाव पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये मिळालं. म्हणजे काकांचे वडील ज्या दिवशी बातमी घेऊन घरी आले असतील, तेव्हा ते 'अणुशक्ती'तच कामाला होते.

आणि हे तिथलं पहिलं विमान नव्हतं. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' जवळजवळ त्याच जागी पडलं होतं. तेही मुंबईहून निघालेलं. ४८ माणसं.

आता हिमनदी. माथ्याखाली पडलेलं सगळं बर्फात गाडलं गेलं आणि बर्फ तर वाहतं. बोसों हिमनदी माथ्यापासून थेट खोऱ्याकडे उतरते. ती गेली काही दशकं तेव्हा गिळलेलं खाली आणून टाकतेय. तारा, पत्रे, चपला, पत्रं. २०१२ मध्ये भारत सरकारची टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमांची डबी सापडली, त्याने ती पोलिसांत नेऊन दिली. २०२० मध्ये खालच्या एका छोट्या उपाहारगृहाच्या चालकाला जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं मिळाली, मथळ्यात इंदिरा गांधी. वाळवल्यावर वाचता येत होती.

तिखटजाळ

अंगावर काटा आला. हे माहीतच नव्हतं.

ढगफुटी

भाभांचं विमान 'पडलं' म्हणताय? पाडलं म्हणा. सगळ्यांना माहीत आहे कुणी ते.

पायपीट

@ढगफुटी, फ्रेंच चौकशीत निघालं ते असं: विमानातला दिशादर्शक रिसीव्हर एक बिघडलेला होता. खालून रडारवाल्याने वैमानिकाला त्याची मों ब्लांच्या सापेक्ष जागा सांगितली, वैमानिकाचा समज झाला की डोंगर ओलांडून झाला, आणि त्याने उतरायला सुरुवात केली. अजून पाच मैल बाकी होते. कटाची गोष्ट ऐकायला जास्त रंगतदार आहे हे मान्य.

ढगफुटी

तुम्ही फ्रेंचांवर विश्वास ठेवा.

धागानियंत्रक

कट-कारस्थानासाठी वेगळा धागा काढावा. इथे डोंगर.

चकलीबहाद्दर

आणि सासरे.

खडकवासी

बरेच दिवस फक्त वाचतो. हा धागा बघून लॉग-इन झालो.

मी मों ब्लां चढायला गेलो होतो. चढलो नाही. ते आधीच सांगतो, म्हणजे घाटमाथ्यांना वही उघडायला नको.

आम्ही दोघं आणि एक गाईड, एका दोरावर. दाताळी रेल्वेने (दातेरी रुळावरून चढते ती) २३७२ मीटरच्या नी देग्लला उतरलो, तिथून तेत रूसच्या निवाऱ्यात (३१६७ मी.) मुक्काम. या वाटेच्या निवाऱ्यांचं आरक्षण आता सक्तीचं आहे, आयत्या वेळी कुणी घेत नाही. पहाटे ग्रां कुलवार ओलांडायचा. आपल्या भाषेत नाळ. रुंदी फार नाही, लोखंडी तार बांधलेली आहे. पण वरून दगड येतात. उजाडायच्या आत जायचं, कारण उन्हाने बर्फ सुटलं की त्यात धरून ठेवलेले दगडही सुटतात. गाईड म्हणाला, बोलू नका, ऐका. दगड दिसायच्या आधी ऐकू येतो. भोवऱ्यासारखा घुं आवाज. एक आला, आमच्या मागून गेला. माझा मित्र नंतर तासभर एक शब्द बोलला नाही, आणि तो वकील आहे.

पुढे कातळ-घसारा चढून गूतेचा नवा निवारा, ३८३५ मीटर. मग दोम द्यु गूते, ४३०४. आपल्याकडे पठारावर चालतो तसं, फक्त दर दहा पावलांनी थांबून. ४३६२ मीटरवर व्हालो नावाची पत्र्याची आणीबाणीची खोली आहे. तिथे वाऱ्याने उभं राहू दिलं नाही. गाईडने वर बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि दोर उलटा फिरवला. वाद घालायची सोय नव्हती. त्यांची संघटना १८२१ पासून हेच करतेय.

वरची धार तिथून दिसते. तिच्यावर तूर्नेतचे खडक. विमानं तिथेच आदळली. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या खडकांकडे बघत बिस्किट खात होतो.

घाटमाथा

खडकवासी, सलाम. आमची वही तुमच्यासाठी बंद.

पायपीट

गाईडने परत फिरवणं यावरून एक अवांतर. १७८६ च्या ८ ऑगस्टला मों ब्लां पहिल्यांदा चढला गेला. गावचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधणारा बाल्मा, दोघंच. दोर नाही, शिडी नाही. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने पंचवीसेक वर्षांपूर्वी बक्षीस लावून ठेवलं होतं. नंतर बाल्माने सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. चौकात पुतळा आहे त्यात बाल्मा सोस्यूरला बोट दाखवून शिखर दाखवतोय. डॉक्टर नाहीच! त्याचा पुतळा थेट १९८६ मध्ये बसवला, तोही वेगळा, एकटा बसलेला. म्हणजे शिखर कुणाचं 'धरायचं' हा वाद तिथे दोनशे वर्षं जुना आहे.

मोरावळा

म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच.

बाझलकर

विम्याचं राहिलं. फ्रान्समध्ये डोंगरात पोलिसांचं बचावपथक हेलिकॉप्टरने येतं आणि सहसा त्याचं बिल लावत नाहीत, पण पुढचं रुग्णालय लावतं. सीमा ओलांडून स्वित्झर्लंडात पडलात तर हेलिकॉप्टरचंही लागतं. प्रवासविम्यात 'डोंगरात चालणं' आहे ना ते बघा. आणि मुलाला शिकवून ठेवा: हेलिकॉप्टरला दोन्ही हात वर केले की 'मदत हवी', एक वर एक खाली म्हणजे 'नको'. खुशीत दोन्ही हात हलवून टाटा करू नका. आमच्या गटातल्या एकाने केला होता. ते वळून आले.

चकलीबहाद्दर

फुकटात घरपोच सेवा.

कर्दळ (१४ जुलै)

आलो परत. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं, तुकड्यातुकड्यांत देते.

पहिला दिवस गायां तळ्यापाशी. बस्स बसलो. समोर कातळावर पोरं दोर लावून चढत होती. सासऱ्यांनी कातळ हाताने चाचपला आणि म्हणाले, "धरायला बरा आहे."

दुसरा दिवस ला फ्लेजेर ते प्लांप्रा. बाझलकर, तुमचे पाय धरते. पाटीवर दोन तास होते, आम्हाला साडेतीन लागले, कारण वाटेत मार्मोट (खारीच्या कुळातला लठ्ठ प्राणी) दिसले. शिट्टी आधी ऐकू येते, मग दगडावर लठ्ठ मुनीम उभा. पोरगं अर्धा तास पालथं पडून बघत होतं. दोन ठिकाणी वाटेवर बर्फाचा पट्टा होता, पण पायऱ्या पडलेल्या. दोन काठ्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. लाक ब्लांला गेलो नाही. माहिती केंद्रातल्या मुलीने माझे बूट बघितले आणि नुसती मान हलवली.

तिसरा दिवस मोंतांव्हेर. लाल दाताळी रेल्वे, १९०९ ची. मेर द ग्लास म्हणजे बर्फाचा समुद्र, पण समुद्र खाली गेलाय. जिथे एके काळी बर्फ होतं तिथे वर्षांच्या पाट्या लावल्यात. १९८५ ची पाटी डोक्यावर कुठेतरी. माझ्या जन्माच्या आसपासची. नवऱ्याला म्हटलं, मी एवढी जुनी? तो शहाणा, काही बोलला नाही. बर्फ राखाडी, वर दगडमाती. मला तर वाईटच वाटलं. सासरे मात्र पाट्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत होते.

चौथा दिवस बोसों. जुनी_पेटी, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला नव्हता. त्यांनीच सांगावं असं वाटत होतं. मों ब्लांच्या बोगद्याच्या तोंडाजवळून एक सोपी जंगलवाट आहे, चढ थोडाच. झाडी संपली की हिमनदी दिसते, बरीच वर सरकलेली, निळसर भेगांची. खाली नुसते धुतल्यासारखे कातळ. तिथे बसून त्यांनी नातवाला सांगितलं. ते आठ-नऊ वर्षांचे होते, चेंबूरला राहायचे. वडील त्या दिवशी घरी आले, डबा तसाच भरलेला. आईने विचारलं, जेवला नाहीत? ते म्हणाले, "कुणीच जेवलं नाही." एवढंच त्यांना आठवतं. डबा उघडल्यावर वांग्याच्या भाजीचा वास आला, तो आठवतो.

मग त्यांनी पोराला त्रैराशिक घातलं. वरून इथपर्यंत ५४ वर्षांत वर्तमानपत्र आलं तर वर्षाला किती मीटर. पोराने दगडावर खडूसारख्या खड्याने मांडलं. पोरगं म्हणालं, "आजोबा, मग उरलेलं अजून वाटेत असेल." ते म्हणाले, "असेल."

संध्याकाळी जेवताना म्हणाले, उद्या त्या रोपवेने जाऊ या. तूर्नेतचे खडक जवळून तिथूनच दिसतील.

गेलो. सकाळचा पहिला डबा. मधल्या टप्प्यावर थांबून चहा. वर उणे तीन. काचेच्या खोलीत (खाली हजार मीटर नुसती हवा) पोरगं आणि नवरा गेले, मी नाही. सासरे गच्चीच्या कठड्याशी दुर्बीण घेऊन वीस मिनिटं उभे होते. गवतीचहा, ते एकदाही धापले नाहीत. धापले मी.

गाडी सुटायला वेळ होता म्हणून परत निघताना घसरगाडी. सासरे दोनदा बसले. इति.

तिखटजाळ

पूर्ण वाचलं. काहीच लिहवत नाहीये. डब्याचं वाचून थांबले होते.

नभांगण

पॅराग्लायडिंग राहिलंच की!

घाटमाथा

मूळ प्रश्न कुणी विचारेना, म्हणून मीच विचारतो. वहीत नोंद झाली का?

वडवाग्नी५७ (१६ जुलै, नवीन सदस्य)

नमस्कार. मी वरील प्रतिसादांतील सासरा. सूनबाईंनी आयडी काढून दिला. त्यांनी लिहिलेले बहुतेक बरोबर आहे. दुरुस्त्या:

घसरगाडीवर मी दोनदा नव्हे, तीनदा बसलो. तिसऱ्या वेळी त्या तिकिटे परत करायला गेल्या होत्या.

श्री. घाटमाथा यांस: एग्वी द्यु मिदीला क्रमांक दिलेला नाही. नियम तो नियम. मात्र वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने नोंद केली आहे. त्याच पानावर त्याच्या आधी रायगड (रोपवे, सौ. सोबत) लिहिला. ते पान आता दोन ओळींचे झाले आहे.

श्री. खडकवासी यांस: त्या खडकांखाली बसून बिस्किट खाल्ले याचे वाईट वाटून घेऊ नये. वाऱ्यात खायलाच हवे.

रफार कसा काढावा, हे कोणी सांगेल काय? पर्वत हा शब्द नातवाकडून लिहून घेतला आहे.